एक्स्प्लेनर : होळी जवळ आली की लहानपणची होळी स्वप्नात का येते? तो शकुन असतो की आठवण?

होळी जवळ आली की नंदुरबार जिल्ह्यात ढोल बाहेर निघतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला सुरत, बारडोलीकडे गेलेली कुटुंबं परतीच्या गाड्या शोधू लागतात. याच दिवसांत रात्री लहानपणची होळी दिसते. वारलेली आजी दाळ्या-गूळ हातावर ठेवते, ढोल ऐकू येतो, पण पाय काही केल्या होळीपर्यंत पोहोचत नाहीत. सकाळी जाग आल्यावर प्रश्न पडतो, याचा अर्थ काय? मोबाईलवर ‘स्वप्नफळ’ शोधलं, तर एकीकडे धनलाभ लिहिलेला असतो आणि दुसरीकडे संकट. मग खरं काय मानायचं? समजून घेऊया.

थोडक्यात
• सणाचं स्वप्न पुढे काय घडणार ते सांगतं, याला कोणताही वैज्ञानिक आधार नाही.
• मात्र ते का पडलं, याची कारणं बऱ्याच अंशी सांगता येतात.
• थोडक्यात, अशा स्वप्नाला फळ नसतं, पण कारण असतं.

सातपुड्यातली होळी मनात इतकी खोल का बसते?

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेनुसार इथली जवळपास 69 टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. सातपुड्यात होळी हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी तर राज्यभर प्रसिद्ध आहे. ही परंपरा 1246 पासून चालत आल्याचं सांगितलं जातं. उंच बांबूचा दांडा उभा करण्यासाठी खड्डा अवजारांनी नाही, हातांनी खणला जातो. रात्रभर नाच चालतो आणि होळी पहाटे पेटते. नवस असलेले पुरुष बावा-बुद्या बनतात. अंगावर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरू आणि भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप असा त्यांचा वेष. खाटेवर न बसणं, ब्रह्मचर्य असे पालनीचे कडक नियमही ते पाळतात.

लहान मुलाच्या नजरेतून हे बघा. एरवी अंधार पडला की झोपायचं. या एका रात्री मात्र पहाटेपर्यंत जागरण, आग, ढोल, गर्दी आणि मोहाच्या फुलांचा वास. रोजच्यापेक्षा वेगळं, पहिल्यांदा घडणारं आणि भावना हलवणारं जे असतं, ते मेंदू घट्ट धरून ठेवतो. वासाचं तर खास आहे. इतर इंद्रियांचे संदेश आधी मेंदूतल्या थॅलॅमस या ठाण्यावर जातात. वासाचा संदेश मात्र त्या ठाण्यावर न थांबता भावना आणि आठवणींच्या भागांपर्यंत पोहोचतो. म्हणूनच मोह फुलला की जुनी होळी आठवते.

झोपेत नेमकं काय होतं?

1953 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतली एक वेगळी अवस्था नोंदवली. तिच्यात बंद पापण्यांआड डोळे वेगानं हलतात. हीच ‘रेम’ झोप. ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच अवस्थेत पडतात.

मोबाईल चार्जिंगला लावल्यावर फोटोंचा बॅकअप सुरू होतो, तसं काहीसं झोपेत होतं. मेंदू दिवसभरातल्या नव्या गोष्टी जुन्या आठवणींशी जोडतो. बाजारात विकायला आलेला ढोल, गावाकडून आलेला फोन, ‘यंदा येताय ना?’ हा प्रश्न, एवढंही पुरेसं असतं. दिवसातली गोष्ट कधी त्याच रात्री, तर कधी पाच ते सात दिवसांनी स्वप्नात उतरते, असं अभ्यासांत दिसलं आहे.

‘रेम’ झोपेत भावनांचा भाग जोरात काम करतो आणि तर्क लावणारा पुढचा भाग मंदावतो. म्हणून वारलेली आजी समोर उभी असली तरी स्वप्नात नवल वाटत नाही. गावची होळी सुरतेच्या रस्त्यावर पेटते, तेही चालून जातं.

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं का म्हणतात?

झोपेचं एक चक्र साधारण 90 मिनिटांचं असतं. रात्र सरत जाते तसा प्रत्येक चक्रातला ‘रेम’चा वाटा वाढतो. त्यामुळे पहाटे स्वप्नं लांब आणि ठळक पडतात, आणि लगेच जाग आल्यानं ती लक्षात राहतात. लक्षात राहिलेलंच स्वप्न पुढच्या घटनांशी जुळवलं जातं. जुळलं नाही, ते आपण विसरून जातो.

जुने ग्रंथ काय म्हणतात?

स्वप्नांचे शुभ-अशुभ अर्थ सांगणारं साहित्य आपल्याकडे भरपूर आहे. पण चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. यातले पहिले पाच प्रकार निष्फळ, म्हणजे त्यांचा काही परिणाम होत नाही, असं तिथे म्हटलं आहे. लहानपणी पाहिलेल्या आणि अनुभवलेल्या होळीचं स्वप्न या पाचांतच बसतं.

मग अर्थ कसा लावायचा?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅल्विन हॉल यांनी हजारो स्वप्नं जमवून तपासली. जागेपणी ज्याची काळजी किंवा ओढ असते तेच स्वप्नात येतं, असा त्यांचा मुख्य मुद्दा होता. त्यामुळे ‘काय दिसलं’ यापेक्षा ‘काय वाटलं’ हे विचारा.

• ढोल ऐकू येतो, पण पोहोचता येत नाही : सुट्टी, उचल, गाडी यांची चिंता आहे का?
• वारलेली माणसं सणात दिसतात : ही आठवण आहे, बोलावणं नाही. घाबरू नका.
• जुनं गाव जसंच्या तसं दिसतं : सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं बुडितक्षेत्रात आली. तिथून पुनर्वसित झालेल्या अनेकांना लहानपणीच्या होळीची जागा आता फक्त आठवणीतच बघता येते.

अशा स्वप्नावर उतारा किंवा शांती करण्यासाठी पैसे खर्चू नका. जाग आल्यावर ते घरात सांगा, फोनवर रेकॉर्ड करा. पालनीचे नियम, होळीची गाणी, दांडा कुठून यायचा, हे माहीत असलेली माणसं घरात आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. ऊसतोडीच्या अड्ड्यावर वाढणाऱ्या मुलांपर्यंत ही होळी अशाच सांगण्यातून पोहोचेल.

डॉक्टरांकडे कधी जावं?

तेच भीतीदायक स्वप्न वारंवार पडत असेल, झोपायचीच धास्ती वाटत असेल किंवा दिवसाचं काम बिघडत असेल, तर डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेली-मानस या मोफत हेल्पलाइनवर 14416 क्रमांकावर 24 तास बोलता येतं, मराठीतही.