रुबीची शाळा आणि नकाशावरचा लाल रंग



रुबी ब्रिजेसची गोष्ट मी दरवर्षी चौथीला सांगते. १४ नोव्हेंबर १९६०, अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर. (आपला बालदिन! अर्थात निव्वळ योगायोग.) सहा वर्षांची कृष्णवर्णीय रुबी चार मार्शलांच्या पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत गेली. बाहेर जमाव ओरडत होता. पालक आपापली मुलं घरी घेऊन गेले. पहिला दिवस ती मुख्याध्यापकांच्या ऑफिसात नुसती बसून राहिली. पुढे बार्बरा हेन्री या बाईंनी वर्षभर तिला एकटीलाच शिकवलं. एक वर्ग, एक बाई, एक मूल. तिच्या वडिलांची नोकरी मात्र गेली.

गोष्ट संपली की मुलं विचारतात, "बाई, आता तिकडे सगळे एकत्र शिकतात ना?" मी कितीतरी वर्षं "हो" म्हणून मोकळी व्हायचे. ते उत्तर अर्धवट होतं.

कायदे बदलले हे खरंच आहे. वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत असा निकाल १९५४ मध्येच लागला होता. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा चळवळीनेच मिळवून दिले. पण मूल शाळेत जातं ते राहत्या वस्तीतून, आणि वस्त्या वेगळ्याच राहिल्या. का? १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे बनवले. त्यात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या 'धोक्याच्या' म्हणून लाल रंगवल्या गेल्या. अशा ठिकाणी घरासाठी कर्ज मिळणं मुश्किल. घर नाही म्हणजे मुलांसाठी मागे ठेवायला काही नाही. घरांबाबतच्या भेदभावावर १९६८ मध्ये बंदी आली, पण तोवर एका बाजूला दोन पिढ्यांची घरं उभी होती आणि दुसऱ्या बाजूला भाड्याच्या खोल्या. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या सुमारे सहापट निघाली.

शहर आणि उपनगर मिळून शाळा मिसळाव्यात, असा प्रयत्न डेट्रॉइटमध्ये झाला. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अडवला. रुबीच्या शाळेचंही तेच झालं. गोरी कुटुंबं हळूहळू वस्ती सोडून गेली आणि २००५ च्या कॅटरिना वादळात शाळेचं नुकसान झालं, तेव्हा तिथे जवळजवळ सगळी मुलं कृष्णवर्णीयच होती.

यंदा मी गोष्टीला एक गणित जोडलं. तिकडे शाळांचा बराचसा पैसा स्थानिक घरपट्टीतून येतो. फळ्यावर दोन घरं काढली, एक १० लाखांचं आणि एक १ कोटीचं. कर दोघांना सारखाच, शंभराला एक रुपया. मुलांनी पटकन सांगितलं, १० हजार आणि १ लाख. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, सगळा कर एकत्र करून वाटला तर?"

काही राज्यं गरीब भागातल्या शाळांना जादा मदत देतात, ते मी सांगितलं. आणि हेही सांगितलं की साधारण हाच प्रश्न घेऊन सॅन अँटोनियोमधले मेक्सिकन वंशाचे पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. १९७३ मध्ये ते पाच विरुद्ध चार मतांनी हरले.