‘ग्रेड वन’च्या पुढचा प्रश्न

भिवंडीच्या सोनोग्राफी केंद्रात सकाळची रांग उपाशीपोटी बसलेली असते. कुणी रात्रपाळी संपवून लूमवरून थेट आलेला, कुणी गोदामातून. पोटावर गार जेल पडते, प्रोब उजव्या बरगड्यांखाली सरकतो. “सांस अंदर लो... रोको.” पुढच्याला तेच मराठीत.

पडद्यावर डॉक्टर यकृताची तुलना शेजारच्या उजव्या मूत्रपिंडाशी करतात. एरवी दोन्ही साधारण सारखीच करडी दिसतात. यकृतात चरबी साचली की ते उजळ दिसते, हा ग्रेड वन. आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या की ग्रेड टू. मागचे श्वासपटलही दिसेनासे झाले की थ्री.

“आजकाल सगळ्यांनाच असतं,” असे म्हणून ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ लिहिलेला अहवाल घडी होऊन पिशवीत जातो. काळजी वाटते ती इथे. कारण ती ओळ एकट्या यकृताची नसते.

हाँगकाँगच्या डॉक्टरांनी फॅटी लिव्हरच्या रुग्णांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, केली. ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०११ साली आलेल्या त्या अभ्यासात, यकृतात नुसती चरबी असलेल्या सुमारे २६ टक्के रुग्णांच्या मोठ्या आतड्यात ॲडेनोमा जातीच्या गाठी सापडल्या. चरबीबरोबर यकृताला सूजही असलेल्यांत हे प्रमाण ५१ टक्के होते! यकृतामुळेच गाठ होते, असे यातून सिद्ध होत नाही. पण पोटाचा घेर, मधुमेह, रक्तात सतत चढे राहणारे इन्सुलिन आणि शरीरात धुमसणारी सूज या एकाच जमिनीत दोन्ही आजार वाढतात. इन्सुलिन पेशींना वाढीचा इशाराही देते, आतड्याच्या अस्तरातल्या पेशींनाही.

गाठ सुरुवातीला दुखत नाही. कोलोनोस्कोपीत ती आतड्याच्या ओल्या, गुलाबी भिंतीवर छोट्या कोंबासारखी दिसते. दुर्बिणीतून तारेचा फास पुढे सरकवतात, बुडाशी आवळतात आणि गाठ कापून तपासणीला पाठवतात. ॲडेनोमाचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागतात. सगळ्यांचा होतही नाही. म्हणजे हाताशी वेळ असतो. तो वाया जातो मूळव्याधीच्या नावाखाली: शौचातून रक्त गेले की मलम आणायचे, तपासणी करायचीच नाही.

फॅटी लिव्हर आहे म्हणून सरसकट प्रत्येकाची कोलोनोस्कोपी करायची गरज नाही. पण अहवाल हातात घेतलेल्या डॉक्टरांनी विचारायलाच हवे: शौचातून रक्त जाते का? पोट साफ होण्याची सवय बदलली का? घरात कुणाला आतड्याचा कर्करोग होता का? भारत सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हर असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. हे प्रश्न तिथेही शोभतील.

कोलोनोस्कोपीसाठी आदल्या दिवशी जुलाबाचे औषध घेऊन आतडे रिकामे करावे लागते, दुसऱ्या दिवशी तपासणी. विणलेल्या मीटरवर मजुरी मिळणाऱ्या कारागिराची दोन दिवसांची कमाई त्यात बुडते. म्हणून तक्रार नसलेल्यांसाठी शौचातले न दिसणारे रक्त शोधणारी साधी चाचणी आधी करता येते. तिला सुट्टी लागत नाही. मात्र रक्त डोळ्यांना दिसत असेल, तर ते दोन दिवस काढावेच लागतात.