काचेच्या ग्लासातला डबल का मीठा

नात्यातल्या लग्नाला लातूरहून नांदेडला गेलो, की एक संध्याकाळ आम्ही मुलांच्या नावे ठेवतो. थंडीच्या सुरुवातीला असेच एकदा मगरिबनंतर सगळे बाहेर पडलो. जेवण उरकले आणि धाकटीने शेजारच्या टेबलावरच्या उंच ग्लासाकडे बोट दाखवले. खाली डबल का मीठा, मध्ये दुधाच्या पांढऱ्या जेलीचा थर आणि वर सीताफळाची रबडी!

जेली पाहून आम्ही अडखळलो. जिलेटिन जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून बनते. ते कोणत्या जनावराचे, जबीहा हलाल होता की नाही, हे नुसते पाहून कळत नाही. वेटरला विचारले, त्याला सांगता येईना. लोक बघताहेत म्हणून थोरला मुलगा मान खाली घालून बसला. क्षणभर आम्हालाही वाटले, कशाला उगाच? पण मनात शंका ठेवून बिस्मिल्लाह कशी म्हणायची? ‘आचाऱ्याला विचारून या,’ असे वेटरला नम्रपणे सांगितले.

आचारी स्वतःच बाहेर आला. जिलेटिन नाही, चायना ग्रास आहे म्हणाला आणि पाकीटही आणून दाखवले. दादी हसल्या. ‘अरे, ये तो वहीच है! रमजान में मैं बनातीच ना?’

चायना ग्रास समुद्री शेवाळापासून मिळतो. जिलेटिन तोंडातल्या उष्णतेनेही वितळते. चायना ग्रास एकदा घट्ट झाला की सुमारे ८५ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. म्हणून तर घरात फ्रीज नसतानाही, मराठवाड्याच्या भर उन्हाळ्यात दादींचे पुडिंग ताटात उभे राहायचे.

डबल का मीठाही आपल्याला परका नाही. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर हैदराबाद संस्थानात होते. डबलरोटीचे तुपात तळून पाकात आणि दुधात मुरवलेले काप आपल्या लग्नांच्या दस्तरखानावर आजही असतात. म्हणजे नवा होता तो फक्त ग्लास!

सहा जणांत तीनच ग्लास मागवले. दादींना साखरेचा त्रास, त्यांनी दोनच चमचे घेतले. ग्लासात काही उरले नाही. अल्हम्दुलिल्लाह.

बाहेर जेली, मूस किंवा मार्शमॅलो घेताना जिलेटिनबद्दल, तिरामिसूसारख्या पदार्थात मद्याबद्दल जरूर विचारावे. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर त्यात जिलेटिन नसते. मद्याबद्दल मात्र तो ठिपका काही सांगत नाही, त्यासाठी घटकांची यादीच वाचावी लागते. विचारण्यात लाज कसली? नीट विचारले तर समोरचाही नीट सांगतो.

दुसऱ्या दिवशी लातूरला परतलो. गंजगोलाईतल्या दुकानात धाकटीने जेलीच्या गोळ्या मागितल्या. पाकीट उलटून ठिपका शोधत होता तो आमचा थोरलाच.