‘आता काही करता येणार नाही’ म्हणण्याआधी

काही वर्षांपूर्वी आमच्या बाह्यरुग्ण विभागात तोंडाच्या कर्करोगाचा एक शेतकरी रुग्ण आला. वय पन्नाशीच्या आत. सोबत बायको आणि धाकटा भाऊ. ‘आता काही करता येणार नाही, घरी न्या,’ असं त्यांना दुसऱ्या रुग्णालयात सांगितलं होतं. आपण बरे होणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना फक्त झोप हवी होती. दुखण्यामुळे तीन आठवडे डोळ्याला डोळा लागला नव्हता. गालावरच्या जखमेला वास येतो म्हणून ते मुलीलाही जवळ येऊ देत नव्हते.

‘काही करता येणार नाही’ हे वाक्य नोकरीच्या सुरुवातीला मीही अनेकांना ऐकवलं आहे. आजार बरा कसा करायचा हे आम्ही शिकलो होतो. बरा होणार नसेल तर काय करायचं, हे फारसं शिकलो नव्हतो.

त्या रुग्णाला आम्ही मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. जखमेवर मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड कशी लावायची, हे बायकोला दाखवलं. आठवड्यानं भाऊ सांगायला आला, “डॉक्टर, दादा रात्री झोपतो आता. काल पोरीला जवळ घेऊन बसला होता.” गाठ तेवढीच होती, त्रास मात्र कमी झाला होता.

यालाच पॅलिएटिव्ह केअर किंवा परिहार सेवा म्हणतात. डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं आणि या शाखेचा पाया घातला. दुखणं फक्त शरीराचं नसतं; त्यात भीती, पैशांची चिंता, मुलांची काळजी हे सगळं मिसळलेलं असतं, हे त्यांनी दाखवून दिलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, ‘शांती आवेदना सदन’, १९८६ मध्ये मुंबईत सुरू झालं.

ही सेवा फक्त शेवटच्या चार दिवसांसाठी नाही. केमोथेरपी सुरू असतानाही ती घेता येते. हृदय, मूत्रपिंड किंवा फुप्फुसांच्या बळावलेल्या आजारातही तिचा उपयोग होतो.

मॉर्फिन म्हटलं की नातेवाईक घाबरतात. ‘सवय लागेल’, ‘जीव लवकर जाईल’ असं त्यांना वाटतं. दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य मात्रेत घेतल्यास व्यसन लागणं विरळा असतं आणि आयुष्यही कमी होत नाही. गोळी दुखू लागल्यावर नव्हे, ठरलेल्या वेळेवर घ्यायची. बद्धकोष्ठता हमखास होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. सुरुवातीची गुंगी आणि मळमळ बहुधा काही दिवसांत कमी होते. गोळ्या एकदम मात्र थांबवायच्या नाहीत. २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं आहे.

पुढच्या एका भेटीत मी त्या शेतकऱ्याच्या बायकोला विचारलं, “ताई, तुम्ही जेवलात का? झोपता कधी?” त्यांना रडूच कोसळलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. मग त्यांनी मनातलं सांगितलं, “ते घास घेत नाहीत. भरवलं नाही, तर लोक म्हणतील उपाशी ठेवलं.”

ही बोच अनेक घरांत असते. अखेरच्या दिवसांत शरीराचीच भूक मंदावते. बळजबरीनं भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. अशा वेळी ओल्या कापसानं ओठ ओलावणं, तोंड स्वच्छ ठेवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, हात हातात घेऊन बसणं, हीसुद्धा सेवाच आहे. आणि ती एकट्या बायकोवर किंवा सुनेवर टाकू नका. रात्रीच्या पाळ्या ठरवा. भेटायला येणाऱ्यांनी सल्ले देण्याऐवजी दोन तास रुग्णाजवळ बसावं आणि घरच्या बाईला झोपू द्यावं.

तीन महिन्यांनी ते घरीच, आपल्या माणसांत गेले. दिवसकार्य आटोपल्यावर बायको उरलेल्या गोळ्या परत करायला आली. “शेवटी दुखलं नाही त्यांना,” एवढंच म्हणाली.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना आणखी एक प्रश्न जरूर विचारा: “आजार बरा होणार नसेल, तर त्रास कमी करायला काय करता येईल?” याचं उत्तर ‘काहीच नाही’ असं कधीच नसतं.