चष्म्याचा नंबर, लेसर आणि उसाचे पान



या पानावर आपण आजवर बेणे, खोडवा, हुमणी यांविषयी वाचत आलात. डोळ्याचा विषय इथे कुठून उपटला, असे काहींना वाटेल. पण उसाची नोंद द्यायला गट ऑफिसात येणारे सभासद अलीकडे हमखास विचारतात, "साहेब, पोराला भरतीला जायचंय, नाशिकला नेऊन लेसरने नंबर घालवू का?" मी डॉक्टर नव्हे. पण विचारून-वाचून जे पक्के समजले ते सांगतो.

आधी एक घोटाळा दूर करू. म्हाताऱ्या माणसांचा मोतीबिंदू निराळा आणि हे निराळे. मोतीबिंदूत डोळ्याच्या आतले गढूळ झालेले भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. चष्म्याच्या लेसरमध्ये आतले भिंग जागच्या जागी राहते. बुबुळावरचा जो पारदर्शक पडदा, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, त्याचा उंचसखलपणा बदलतात. हा पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. नंबर जितका मोठा तितका तो जास्त घासावा लागतो, आणि घासलेला भाग पुन्हा भरून येत नाही. खोडव्यासारखा पुन्हा फुटवा नाही!

या किरणांचा शोधही गमतीचा आहे. मूळचे मद्रासचे शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ साली अमेरिकेत आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत सणाच्या जेवणातले उरलेले टर्की पक्ष्याचे मांस नेले आणि त्यावर एक्सायमर लेसर टाकून पाहिला. कड करपली नाही, साफ कापली गेली. तोच गुण पुढे डोळ्याला उपयोगी पडला.

लागणीआधी आपण माती तपासतो, तशी इथेही खरी मेहनत तपासणीतच आहे. वय १८ पूर्ण हवे आणि नंबर निदान वर्षभर एका जागी थांबलेला हवा. पडद्याची जाडी आणि त्याचा नकाशा यंत्रावर काढतात. पडदा पातळ किंवा टोकाकडे फुगलेला निघाला तर चांगला डॉक्टर सरळ नकार देतो. तो नकार ऐकून दुसऱ्या दवाखान्यात होकार शोधत फिरू नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने ती डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी बंद ठेवायची, नाहीतर माप चुकते.

प्रत्यक्ष दिवशी भूल म्हणजे फक्त थेंब, सुई नाही. पापण्या मिटू नयेत म्हणून छोटी तार लावतात. मग डोळ्यावर कडे दाबून बसवतात, तेव्हा दाब जाणवतो आणि काही सेकंद दिसणे अंधुक होते किंवा अंधारून येते. बहुतेक जण घाबरतात ते इथेच, म्हणून मुलाला आधीच सांगून ठेवा. नेहमीच्या पद्धतीत, लॅसिकमध्ये, पडद्याचा वरचा पातळ पापुद्रा झाकणासारखा उचलतात, खाली लेसर मारतात आणि झाकण परत बसवतात. टकटक आवाज येतो, केस जळल्यासारखा वास येतो. समोरच्या दिव्याकडे बघत राहायचे, एवढेच आपले काम. लेसरचा वेळ बहुधा मिनिटाच्याही आत. त्याच दिवशी घरी सोडतात. पहिले काही तास आग होते, पाणी येते. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना स्वच्छ दिसते. कोरडेपणा आणि रात्री दिव्याभोवती वलय दिसणे मात्र काही महिने राहू शकते. रात्रीच्या बारीवर मोटारीला पाणी द्यायला मोटारसायकलवर जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता आपल्या धंद्याची गोष्ट. तो पापुद्रा टाके घालून शिवलेला नसतो. कडेने भरतो, पण पहिल्यासारखा घट्ट होत नाही. पुढे काही वर्षांनी जोराचा मार बसूनही तो सरकल्याची उदाहरणे आहेत. आणि उसाच्या पानाची धार आपल्याला वेगळी सांगायला नको. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, "मुलगा तोडणीच्या फडात असतो, कुस्ती खेळतो." मार लागण्याचा संभव असणाऱ्यांसाठी पापुद्रा न उचलता करायची पी.आर.के. नावाची पद्धतही आहे. तिच्यात तीन-चार दिवस दुखते आणि नजर सावकाश सुधारते, पण झाकणाची भीती नाही. कोणती योग्य ते डॉक्टरच ठरवतील. विचारायचे मात्र आपण.

तोडणी किंवा द्राक्षाची फवारणी चालू असताना ऑपरेशनचा दिवस ठरवू नका. त्यानंतर डोळा चोळायचा नाही, विहिरीत पोहायचे नाही. थेंब लिहून दिले तितकेच दिवस घालायचे; त्यातल्या स्टिरॉइडच्या थेंबांनी जास्त दिवसांत डोळ्याचा दाब वाढतो. मेडिकलमधून आपल्या मनाने बाटली आणू नका.

चाळिशी ओलांडलेल्या सभासदांनो, वाचायचा चष्मा यानंतरही लागतोच. त्या चष्म्यापायी उसाचे बिल खर्चू नका.

आणि भरती. प्रत्येक दलाचा नियम वेगळा. कुठे वयाची व ऑपरेशननंतर गेलेल्या महिन्यांची अट असते, तर काही पदांना लेसर केलेला डोळा चालतच नाही. लपवावे म्हटले तर तपासणीत कळते. तेव्हा पैसे भरण्याआधी त्या वर्षाची जाहिरात आणून वैद्यकीय अटी वाचा. वाचता न आल्यास गट ऑफिसात आणा, आम्ही वाचून देऊ.

ऑपरेशनपूर्वीच्या मापांचे कागद मागून घ्या. साठीला मोतीबिंदूचे भिंग बसवायची वेळ आली की डॉक्टर ती मापे विचारतात. सातबाराच्या पिशवीत ठेवले तरी चालतील.