टर्बो गाडीला एक्झॉस्ट पाइप केवढा हवा?

दिवाळीच्या सुट्टीत मामेभाऊ त्याच्या टर्बो गाडीला नवा एक्झॉस्ट पाइप बसवत होता. गॅरेजवाला अडीच इंची सांगत होता. मी ऐटीत म्हणालो, "दादा, २ इंचीच घे. इंजिनाला बॅक प्रेशर लागतं." त्याने माझं ऐकलं. शाळेत परतल्यावर फिजिक्सच्या सरांना विचारलं, तेव्हा कळलं की मी चुकलो होतो.

बिनटर्बोच्या इंजिनात वेगाने बाहेर पडणारा धूर मागे कमी दाब सोडतो आणि सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेतो. पाइप फार रुंद असला, तर कमी आरपीएमला हा वेग मंदावतो. म्हणजे तिथेही गरज वेगाची असते, अडथळ्याची नव्हे.

टर्बोमध्ये धूर आधी टर्बाइन फिरवतो. टर्बाइनच्या अलीकडे दाब जास्त आणि पलीकडे कमी; हा फरक जितका मोठा, तितकी ती लवकर वेग घेते. म्हणून टर्बाइननंतरची वाट मोकळी हवी. मेसच्या दाराबाहेरच गर्दी थांबली, तर आतली रांग सरकत नाही, तसंच हे.

क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरतं. त्यामुळे २ ऐवजी अडीच इंची पाइप घेतला, तर वाट ५६ टक्के वाढते.

मग ४ इंची का नको? वजन आणि आवाज वाढतो, पाइप स्पीडब्रेकरला घासतो, आणि छोट्या इंजिनाचा धूर तेवढा नसतोच.

रविवारी फोन करून दादाला चूक सांगितली. पाइप परत होणार नव्हता. तो एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी आधी सरांना विचार."