यादीबाहेरचे मूल

वाढदिवस मुलाचा असतो. पाहुण्यांची यादी मात्र थोरांच्या हिशेबाने ठरते. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील नोकरदार घरांतही आता हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. बोलवायचे किती जणांना? बैठकीची खोली लहान, पगार ठरलेला आणि वर्गात मुले ५०. नावे लिहिली जातात, खोडली जातात आणि आकडा २५ वर येऊन थांबतो. हौस आणि काटकसर यांचा मेळ साधला, असे आईवडिलांना वाटते. वस्तुतः सर्व आकड्यांत हाच आकडा अधिक दुखावणारा होय.

चार जिवलग मित्र घरी जेवावयास आले, तर उरलेल्या वर्गाला त्यात वावगे वाटत नाही. शिक्षकांच्या संमतीने साऱ्या वर्गाला तिळाची वडी वाटली, तरी कोणी खट्टू होत नाही. परंतु ५० मुलांतून २५ निवडली की उरलेली २५ वगळली जातात. ती बहुधा कोणाची असतात? ज्यांच्या घरी भेटवस्तू परवडत नाही, ज्यांची वस्ती वेगळी, ज्यांच्या आईवडिलांशी आपला घरोबा नाही, त्यांची. आपली पायरी कोणती, हे त्या मुलांना पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर न मिळालेल्या आमंत्रणातून कळते.

जुन्या रीतीत ही मोजदाद नव्हती. वाढदिवस तिथीने येई. न्हाऊमाखू घालून औक्षण होई, घरात गोडधोड होई. मुलांचा मेळा जमे तो संक्रांतीच्या बोरन्हाणाला किंवा कोजागिरीपर्यंत रंगणाऱ्या भुलाबाईच्या गाण्यांना. तेथे आळीतील सारी मुले येत; बोरे वेचीत, खाऊ ओळखीत. अर्थात त्या ‘साऱ्यां’भोवतीही जातीचे कुंपण होतेच. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी १९२८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले, ते अशाच कुंपणाविरुद्ध. त्या गावात मुलांच्या आनंदाभोवती ऐपतीचे नवे कुंपण उभे राहू नये.

‘थोडक्यात केले तर लोक काय म्हणतील?’ ही शंका पोकळ आहे. २०२० साली करोनाच्या साथीत सरकारने लग्नालाही ५० पाहुण्यांची मर्यादा घातली होती. लग्ने लागली, संसार सुरू झाले. पाहुणे कमी म्हणून कोणाची अब्रू गेली नाही.

तेव्हा नियम सोपा आहे. बोलवायचे तर बोटांवर मोजण्याइतके, किंवा मग सर्वांना. शिक्षकांनीही आमंत्रणपत्रिका वर्गात वाटू देऊ नयेत. आणि यादी करताना आईवडिलांनी शेवटचे नाव लिहिल्यावर क्षणभर थांबून, न लिहिलेली नावे एकदा वाचावीत. पाहुण्यांचा आकडा त्यानंतरच ठरवावा.